दोन हजार चारशे तासांचा हिशेब

कुही-मांढळच्या बाजारपेठेत पाण्याच्या पंपाचे डिझेल इंजिन बंद पडले, की ते मिस्त्रीकडे जाते. तो रिंगा बदलतो, गरज पडल्यास बोअर करून देतो आणि दुसऱ्या दिवशी पंप पुन्हा पाणी ओढू लागतो. बिघडले की दुरुस्त करावे, हा आपला साऱ्यांचाच रिवाज. विमानाच्या इंजिनाला मात्र तो परवडत नाही, कारण आकाशात रस्त्याची कड नसते.

नागपूरला हे यंत्र नवे नाही. 1949 मध्ये रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली, तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री सोनेगावच्या तळावर एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि ती आपापल्या वाटेने परतत. आरंभीच्या डकोटा विमानांना प्रत्येकी दोन इंजिने असत आणि एकेका इंजिनात चक्राकार मांडलेले चौदा सिलिंडर. अशा इंजिनाच्या खालच्या सिलिंडरांत तेल साचते. म्हणून ते सुरू करण्यापूर्वी पंखा हाताने फिरवून पाहण्याची पद्धत होती.

1947 मध्ये स्थापन झालेल्या नागपूर फ्लाइंग क्लबची सेस्ना 152 विमाने त्या मानाने लहान. आसने दोन, इंजिन एकच, सिलिंडर चार आणि शक्ती सुमारे 110 अश्वशक्ती. शिकाऊ वैमानिकाचा सारा भरवसा या एका लायकॉमिंग इंजिनावर. म्हणूनच प्रत्येक सिलिंडरात ठिणगीचे दोन प्लग आणि त्यांना वीज पुरवणारे दोन स्वतंत्र मॅग्नेटो असतात. एक रुसला तर दुसरा सांभाळून नेतो.

तपासणीतील एक चाचणी व्यापारी वाचकांना विशेष आवडावी. सिलिंडरात 80 पौंड दाबाची हवा सोडतात आणि आत किती दाब टिकतो ते पाहतात. काटा 72 वर थांबला, तर 8 गेले कुठे? अभियंता कान लावतो. धुराच्या नळीतून फुसफुस ऐकू आली तर धूर बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह गळतो. कार्बोरेटरकडून आली तर हवा आत घेणारा. तेल भरण्याच्या तोंडाशी आली तर रिंगा झिजल्या. थोडी गळती क्षम्य असते, पण तिचा मार्ग कळलाच पाहिजे. त्याचप्रमाणे तेलाचा फिल्टर कापून, उलगडून धातूचे कण शोधतात. चुंबकाला चिकटले तर ते लोखंडाचे, न चिकटले तर बहुधा ॲल्युमिनियमचे. आतला कोणता भाग झिजतो आहे, याचा पहिला माग तेथे लागतो.

सेस्ना 152 च्या इंजिनासाठी निर्मात्याने ठरवलेली मर्यादा 2400 तासांची, अथवा बारा वर्षांची. जी आधी येईल ती. तास भरले नाहीत तरी वर्षे मोजतात, हे अनेकांना पटत नाही. परंतु उभे राहिलेले इंजिन अधिक धोक्याचे. लायकॉमिंगच्या अनेक इंजिनांत कॅमशाफ्ट वरच्या बाजूस असतो. तेल हळूहळू खाली उतरते, ओलसर हवा लागते आणि गंज चढतो. गोदामात पडून राहिलेल्या मालाचे काय होते, हे आपल्याला सांगायला नको.

ओव्हरहॉल म्हणजे इंजिन संपूर्ण खोलणे. प्रत्येक भाग धुऊन, चिठ्ठी बांधून, इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत मापला जातो. पोलादी क्रँकशाफ्टला चुंबकत्व देऊन त्यावर बारीक लोहकण सोडतात. डोळ्यांना न दिसणारी चीर असेल तर कण तिच्या काठाने रांग धरतात. चीर सापडली की तो भाग कितीही महाग असो, बाद. रिंगा, गॅस्केट, बेअरिंग हे तर नवेच घालावे लागतात. गंमत अशी, की इंजिनाच्या पेटीचे दोन अर्धे जोडताना सांध्यात आजही रेशमाचा बारीक धागा घालतात, तेल झिरपू नये म्हणून.

जोडणी झाल्यावर इंजिन जमिनीवर चालवून पाहतात. परवानाधारक अभियंता नोंदवहीत सही करतो, तेव्हाच ते विमानावर चढते. त्यानंतरही पहिले सुमारे पन्नास तास त्यात साधे खनिज तेल घालतात आणि तेल किती खर्च होते याची नोंद ठेवतात; तो खर्च स्थिरावला, की रिंगा नीट बसल्या असे समजून नेहमीचे तेल सुरू होते.