पाणी कुणाच्या रानात सोडायचं?

माण तालुक्यातल्या माळावर उभं राहिलं की परक्या माणसाला उतार दिसतो. शेतकऱ्याला आधी वाटणी दिसते. भावाभावांत रान वाटताना प्रत्येकाला वरचा मुरूमही यावा आणि ओढ्याकाठची काळी मातीही, म्हणून पट्टे माथ्यापासून पायथ्यापर्यंत उभे पाडलेले. न्याय झाला खरा, पण पाऊस त्याच पट्ट्यांतून सरळ खाली धावतो. उताराला आडवी पेरणी करा, हा कृषी खात्याचा सल्ला सगळ्यांना पाठ आहे. चिंचोळ्या पट्ट्यात आडवी पाभर धरली की चार पावलांवर वळण येतं. ट्रॅक्टरचं भाडं तासावर. "वळण्यातच डिझेल जातं, पेरायचं कधी?" या प्रश्नाला माझ्यासोबतच्या तज्ज्ञाकडे उत्तर नव्हतं.

१९४२च्या जमीन सुधारणा कायद्यापासून सरकारने समपातळीत बांध घातले. शास्त्र बरोबर होतं. पण समपातळीची रेघ हद्द ओळखत नाही. ती शेतातून तिरकी जाते आणि कोपऱ्यात औत फिरणार नाही असे त्रिकोण सोडते. बांधाखाली जमीन अडकते ती वेगळीच. मग दर नांगरटीला बांध थोडा थोडा कोरला जातो आणि काही वर्षांनी नुसता उंचवटा उरतो. याला अडाणीपणा म्हणणं मला पटत नाही.

कारण हेच लोक स्वतःच्या घळीत ताल घालताना पाहावेत. खाली मोठे धोंडे, फटींत लहान दगड, चढाकडे मुरूम. पावसाळ्यात वरून वाहून आलेली माती तालीमागे बसते, पुढच्या उन्हाळ्यात वर दगडांची आणखी एक रांग चढते. घाई नसते. ओघळ होती तिथे काही वर्षांत बाजरीचं वावर तयार होतं. अडवलेलं पाणी जमिनीत मुरून कुठे जाईल ते सांगता येत नाही, साचलेली माती मात्र आपलीच राहते. वरच्या रानवाल्याची तक्रारही तीच: "चर माझ्या रानात, पाणी खालच्याच्या विहिरीला."

डोंगरावरचे सलग समतल चर त्यामानाने सोपे. डोंगर एकट्याच्या सातबाऱ्यावर नसतो, त्यामुळे श्रमदानाला गाव जमतं; याच तालुक्यातलं टाकेवाडी २०१८ साली वॉटर कप या जलसंधारणाच्या स्पर्धेत पहिलं आलं. पण चर राखायचे तर चराईबंदी आली, आणि मेंढ्यांवर जगणाऱ्या धनगरांना ती ठरवणाऱ्या बैठकीत सहसा शेवटी विचारतात.

खरं भांडण सांडव्याचं. भारी जमिनीत बांधामागे पाणी तुंबलं की ज्वारी पिवळी पडते. मग रात्रीत कुणीतरी बांध फोडतो आणि लोंढा खालच्या रानातली माती घेऊन जातो. मी पाहिलेल्या टिकलेल्या बांधांत एक गोष्ट समान होती. जादा पाणी कुठून उतरणार हे वरच्या-खालच्या दोघांनी आधी ठरवलं होतं आणि ते बहुधा जुन्या ओघळीतच सोडलं होतं. अंदाजपत्रकात मात्र बांधाची लांबी असते, या बोलण्याला जागा नसते.

तेव्हा यंदा बांध घालणार असाल, तर जेसीबी बोलावण्याआधी खालच्या शेतकऱ्याला बरोबर घेऊन भर पावसात एकदा शिवार फिरा. सांडव्याची जागा तिथेच ठरवा आणि त्याला दगडाचं पिचिंग करून घ्या.