हद्द वाढते, पेठ ओसरते

इ.स. 1818 मध्ये खानदेश इंग्रजी अमलाखाली आल्यावर तेथे नेमलेल्या कॅप्टन जॉन ब्रिग्जने पांझरेकाठच्या धुळ्यास जिल्ह्याचे ठाणे केले, तेव्हा, म्हणजे 1819 च्या सुमारास, त्या कसब्यात अवघी 401 घरे व 2509 माणसे होती. आणि या वस्तीचे शहर करण्यासाठी त्याने योजलेला उपाय आजच्या नगररचनाकारांनीही लक्षात घ्यावा असा आहे. जुन्या गावालगत सरळ, समांतर गल्ल्या आखून त्याने घरांसाठी जागा कायमच्या बिनसाऱ्याने दिल्या, आणि पक्के घर बांधू इच्छिणाऱ्यांना, मग ते मूळचे रहिवासी असोत की परमुलखातून आलेले, सरकारातून आगाऊ रकमाही दिल्या. (या गल्ल्या विश्वेश्वरय्यांनी आखल्या ही धुळ्यातील आवडती समजूत कालगणनेत बसत नाही, ते मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले तेच मुळी 1884 साली.) वस्ती जेथे भरावी असे सरकारच्या मनात होते, तेथेच सरकारने सवलत ठेवली.

आज सवलतीचा ओघ नेमका उलटा आहे. शिवारातील कपाशीच्या काळ्या जमिनीचे बिनशेती करून प्लॉट पाडावेत, खरेदीदाराने ते मुलीच्या लग्नासाठी वा उतारवयासाठी राखून ठेवावेत, आणि जे परवानगीवाचून पाडले गेले असतील ते 2001 च्या गुंठेवारी कायद्यासारख्या तरतुदींनी पुढे नियमित होतील अशी आशा बाळगावी, हा क्रम आता सर्वांच्या अंगवळणी पडला आहे. धुळ्यात 2018 साली वलवाडी, महिंदळे, अवधान, मोराणे अशी गावे महापालिकेच्या हद्दीत आली. पण हद्दीची रेषा कागदावर ओढण्यास जो वेळ लागतो, त्याच्या कितीतरी पट वेळ जलवाहिनी व गटार तेथवर पोहोचण्यास लागतो. दहा घरे आणि चाळीस मोकळे प्लॉट असलेल्या कॉलनीसही नळ, दिवे व रस्ता पन्नास घरांच्या लांबीचाच लागतो, कर मात्र मुख्यतः दहा घरांचा येतो. खानदेशातच असलेल्या जळगावचीही हीच गत. तेथे वाघूर धरणाचे पाणी येते. पण धरणात पाणी असणे निराळे आणि विखुरलेल्या वस्तीत ते पुरेशा दाबाने चढणे निराळे.

जळगावचे एक वैशिष्ट्य मला फार बोलके वाटते. या शहरास उंचीचे वावडे नाही. महापालिकेची सतरा मजली इमारत आणि गोलाणी मार्केट भर शहरात उभी आहेत. म्हणजे कचेऱ्या व दुकाने मजल्यांवर चढली, आणि कुटुंबे मात्र बळीराम पेठ, शनिपेठ, जोशी पेठ सोडून पिंप्राळ्याकडे व महामार्गाच्या अंगास निघाली. पेठेत राहणे लोकांना नकोसे झाले, हे अर्धेच सत्य आहे. पेठेत घर नव्याने बांधणे त्यांना जवळजवळ अशक्य झाले, हे उरलेले अर्धे. वाड्याच्या मिळकत पत्रिकेवर आजोबांचे नाव, त्याखाली वारसांची मालिका, त्यांतील काही पुण्या-मुंबईस, एखादा दावा कोर्टात, तळमजल्यावर भाडे नियंत्रण कायद्याचे संरक्षण असलेला जुना भाडेकरू. आणि या सर्वांची संमती मिळालीच, तरी रस्ता जितका अरुंद तितके चटईक्षेत्र कमी. शेतमालकाच्या एका सहीचा प्लॉट त्यापुढे स्वस्तच वाटणार.

लंडनभोवती 1938 च्या कायद्याने हरित पट्टा राखण्याची सोय झाली, अमेरिकेतील पोर्टलंडने वाढीची सीमा ठरवली; परंतु आपण केवळ अशी रेषा आखली, तर आतील जागेचा भाव चढेल आणि गरीब माणूस रेषेपलीकडे, आणखी दूर, विनापरवाना घर बांधील. म्हणून आधी आतील दार मोकळे करावे. लगतच्या तीन-चार वाड्यांचे मालक एकत्र येत असतील, तर वारसनोंदी व मोजणी महापालिकेने एकाच खिडकीवर, ठरल्या मुदतीत करून द्यावी. रस्त्यासाठी जागा सोडणाऱ्यास तिचे चटईक्षेत्र त्याच इमारतीत द्यावे. जुन्या भाडेकरूस तळमजल्यावरील गाळा लेखी कायम करावा. दाटी वाढण्यापूर्वी त्या गल्लीतील गटार मोठे करणे व अग्निशामक बंब आत शिरेल इतकी वाट ठेवणे ही मात्र पूर्वअट असावी. वर्षानुवर्षे मोकळ्या पडलेल्या प्लॉटांवर चढता कर बसवला, तर या खर्चाचा निदान काही भाग तरी तेथूनच निघेल.