उद्या ‘इंडस’ येतोय

नाशिक, मंगळवार, १५ ऑक्टोबर २०२४

सकाळी ९:००

शटर वर केलं की आधी धूळ. कॉलेज रोडच्या आतल्या गल्लीतला माझ्या गेमिंग कॅफेचा हा गाळा रस्त्याला लागून आहे. पाऊस उघडला की सीपीयूच्या जाळ्यांवर राखाडी थर बसायला वेळ लागत नाही. ब्लोअर मारायचा, हेडफोनच्या गाद्या स्पिरिटने पुसायच्या, सगळे पीसी चालू करून अपडेट लावायचे. गिऱ्हाईक यायच्या आत अपडेट संपलं पाहिजे. खुर्चीत बसून सरकणारी पट्टी बघायचे पैसे कोणी देत नाही, देऊही नयेत.

आज मोबाइलवाल्यांचं वाय-फायही नीट तपासलं. पुण्याच्या सुपरगेमिंग कंपनीचा ‘इंडस बॅटल रॉयल’ हा शूटर गेम उद्या अँड्रॉइड आणि आयफोनवर येतोय. २०२२ पासून त्याचं नाव कानावर आहे. आगाऊ नोंदणी एक कोटीच्या वर गेली. माझ्याकडच्या बहुतेक पोरांनीही नोंदणी केलीय, आणि त्यातल्या बहुतेकांचा या गेमवर विश्वास नाही.

सकाळी १०:३०

अंबड एमआयडीसीतली रात्रपाळी करून दोघं जण येतात. झोपायच्या आधी त्यांना तासभर खेळायचं असतं. त्यातला एक सीएनसी मशीनवर काम करतो, मायक्रॉनमध्ये मोजायची सवय असलेला माणूस. फोनवर ‘इंडस’चा ट्रेलर थांबवून त्याने माझ्यासमोर धरला.

“दादा, कॅमेरा बघा. खेळताना कॅमेरा माझ्या खांद्यामागे असतो. इथे तो घारीसारखा फिरतोय. गोळ्या किती उरल्या, नकाशा कुठे आहे, काहीच दिसत नाही. मग हा गेम आहे का पिक्चर?”

प्रश्न अगदी बरोबर आहे. जाहिरातीसाठी वेगळं रेंडर केलेलं दृश्य आणि हातातल्या फोनवर चालणारं दृश्य यांत अंतर असतंच. सोनीने २००५ साली ई-थ्री या गेमिंग प्रदर्शनात ‘किलझोन २’ दाखवला, तेव्हा लोकांनी हाच संशय घेतला आणि तो खरा निघाला: ती फिल्म आधीच रेंडर केलेली होती. २०१२ साली दाखवलेला ‘वॉच डॉग्ज’ २०१४ साली आला, तोही दाखवला होता त्याहून फिका. मात्र ‘किलझोन २’ २००९ साली आला तेव्हा तो खरोखर देखणा होता. संशय रास्त असूनही शेवट चांगला होऊ शकतो, हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, “होऊ दे ना, मला काय नको आहे का?”

दुपारी १२:१५

कॉलेजचं पहिलं लेक्चर सुटलं की गर्दी. एकाने ‘इंडस’चं नाव काढलं आणि मागच्या रांगेतून लगेच आवाज आला, “अजून एक फौजी!”

ही जखम जुनी आहे. २ सप्टेंबर २०२०ला पबजी मोबाइलवर बंदी आली आणि दोनच दिवसांत अक्षय कुमारने ‘फौजी’ या देशी गेमची घोषणा केली. २६ जानेवारी २०२१ला गेम आला. गलवान खोऱ्यातल्या भारत-चीन चकमकीची कथा होती, भावना मोठी होती, पण सुरुवातीच्या त्या मोहिमेत बंदुकाच नव्हत्या. हातापायांची मारामारी, तीच ती. पबजीची जागा घेणारं काहीतरी येतंय असं धरून बसलेल्या लोकांनी रेटिंग झपाट्याने खाली आणलं. गलवानमध्ये गोळीबार झाला नव्हता, हे खरं. तरी खेळणाऱ्याला तेच तेच करावं लागलं, हेही खरं.

तेव्हापासून देशी शूटर म्हटलं की पोरं आधी हात आखडता घेतात. मला यात एक गोष्ट खटकते. देशी आहे म्हणून पाच तारे आणि देशी आहे म्हणून एक तारा, दोन्हीकडे खेळ बघायचा राहूनच जातो.

दुपारी २:००

डबा. ही वेळ शांत, फक्त एक मुलगा कोपऱ्यात ‘व्हॅलोरंट’ खेळतोय. सकाळी हाच म्हणत होता, “इंडसचे ग्राफिक्स कार्टूनसारखे आहेत, माणसं प्लास्टिकची वाटतात.” त्याच्या स्क्रीनवर भिंती सपाट, रंग मोजके, सावल्या जेमतेम. रायट कंपनीने २०२० साली ‘व्हॅलोरंट’ मुद्दामच असा साधा ठेवला: जुन्या पीसीवर चालावा आणि समोरचा शत्रू पटकन दिसावा म्हणून. त्याला कोणी प्लास्टिक म्हणत नाही.

फोनचं गणित तर आणखी कडक. सेकंदाला ६० चित्रं हवी असतील, तर एक चित्र काढायला सुमारे १६ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात झाडं, घरं, सावल्या, धूर आणि आजूबाजूचे खेळाडू, सगळं बसवायचं. फोन तापला की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. आणि बॅटल रॉयलची रचनाच अशी, की निकाल आकसत जाणाऱ्या मैदानाच्या शेवटच्या वर्तुळात लागतो, म्हणजे फोन सगळ्यात जास्त तापलेला असताना. बारा-पंधरा हजारांचा फोन घेऊन येणाऱ्या पोरांची मुख्य तक्रार मी रोज ऐकतो: “शेवटी अटकतो.” म्हणून गवताची पाती किती सुंदर यापेक्षा विसाव्या मिनिटाला काय होतं, हे मला महत्त्वाचं वाटतं. ते कुठल्याच ट्रेलरमध्ये दिसत नाही.

दुपारी ४:००

बाहेर टपरीवर विधानसभा निवडणुकीच्या तारखांची चर्चा, मतदान २० नोव्हेंबरला. आत चर्चा ‘इंडस’च्या कथेची, आणि ती काढली ॲनिमेशन शिकणाऱ्या मुलीने. ती गंगापूर रोडहून येते, खेळते कमी, बघते जास्त.

विरलोक नावाचं जग, तिथे कॉस्मियम नावाचं द्रव्य शोधायला उतरलेले मिथवॉकर, सर-ताज, बिग-गज, मोरनी असली पात्रं. एक मुलगा म्हणाला, “स्टोरी कोण बघतं? उतरायचं, लूट करायची, मारायचं.” ती थांबली नाही. “मग तू कथा नको म्हण. पण नावं आपली ठेवली म्हणजे कथा आपली झाली, हे मला पटत नाही.”

तिने उदाहरण दिलं ते ‘राजी’चं. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सचा, २०२०चा. तो शूटर नाही, पण त्यात दुर्गा आणि विष्णू निवेदन करतात, मधले प्रसंग सावल्यांच्या बाहुल्यांसारखे उलगडतात. तिथे सांगण्याची पद्धतच इथली आहे. आपल्या कपड्यांत गुंडाळलेली बाहेरची गोष्ट नाही ती.

मग तीच म्हणाली, आणि हे मला आज दिवसभरातलं सगळ्यात मोलाचं वाटलं: “दादा, इंडसमध्ये एक गोष्ट मात्र मला कथेसारखी वाटते. शेवटी कॉस्मियम ताब्यात घेतलं तरी जिंकता येतं, सगळ्यांना मारावं लागत नाही. ज्याच्यासाठी सगळे तिथे आलेत, तेच मिळवून जिंकायचं.” खरं आहे. पळापळीच्या खेळात भाषण ऐकायला कोणाला सवड नसते. तिथे कथा नियमातूनच सांगावी लागते. उद्या मी तेच आधी बघणार आहे.

संध्याकाळी ६:३०

एक वडील मुलाला न्यायला आले. “भाऊ, हा नवीन गेम फुकट आहे ना?” फुकट आहे, पण आत पैसे मागणाऱ्या वस्तू असतात, तेव्हा तुमच्या फोनवर खरेदीला पासवर्ड लावा, एवढं सांगितलं. त्यांनी तिथल्या तिथे लावून घेतला.

रात्री ८:००

सगळ्या खुर्च्या भरल्या. वादात आता ‘कॉन्कॉर्ड’ आला. सोनीचा शूटर, २३ ऑगस्टला आला आणि ६ सप्टेंबरला बंद. लोकांचे पैसे परत. पात्रं मनात भरत नाहीत, असं खेळणारे आधीपासून सांगत होते. एवढ्या मोठ्या कंपनीचं हे झालं, तर आपल्या पोरांच्या शंकेला ‘नावं ठेवायची सवय’ म्हणून उडवून लावू नये. ही मुलं दिवसाचे तास या खेळांत घालवतात. त्यांच्या नजरेला किंमत आहे.

रात्री १०:४५

उद्या कोजागिरी, मुलं जागीच असतील. वाय-फाय उशिरापर्यंत चालू ठेवणार आहे.

जे कोणी डाउनलोड करतील त्यांना एक विनंती. ट्रेलर बाजूला ठेवा, काही मॅच पूर्ण खेळा, आणि मग मनात येईल ते कडक लिहा. फक्त ‘ग्राफिक्स बेकार’ एवढ्यावर थांबू नका. फोन कोणता, रॅम किती, कितव्या मिनिटाला अडकला, कोणतं पात्र का पटलं नाही, हेही लिहा. पुण्यात ते वाचणाऱ्या माणसाला त्यातूनच काही दुरुस्त करता येईल.