ठराव समितीचा, तिजोरी मंत्रालयाची

‘एक राज्य एक गणवेश’ योजनेचं काय झालं, ते आता घरोघरी ठाऊक आहे. 2024-25मध्ये सरकारनं एकगठ्ठा कापड घ्यायचं, महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचतगटांनी ते शिवायचं आणि चाळीस लाखांहून अधिक मुलामुलींना एकसारखे कपडे द्यायचे, असा बेत होता. स्वातंत्र्यदिन उलटला तरी अनेक शाळा वाटच पाहत होत्या. जिथे गणवेश पोचले, तिथे मापांच्या तक्रारी. अखेर डिसेंबर 2024मध्ये सरकारनं माघार घेतली आणि 2025-26पासून हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे सोपवलं. निर्णयाचं स्वागत झालं, आणि ते योग्यच होतं.

गावात गणवेश शिवायचा तर शिंपी शाळेत येतो, पहिलीच्या पोरांना ओळीनं उभं करतो आणि माप घेताना दोन बोटं जास्तच धरतो, कारण दिवाळीपर्यंत पोर वाढणार असतं. ही दोन बोटं मंत्रालयातून धरता येत नाहीत.

पण समितीच्या हाती नेमकं काय आलं, तेही मोजलं पाहिजे. दोन गणवेशांसाठी मुलामागे 600 रुपये, म्हणजे एका जोडाला 300. त्यातच कापड, शिलाई, बटणं सगळं. आधी ही रक्कम 400 होती. समग्र शिक्षा योजना 2018मध्ये आली तेव्हा ती 600 झाली. एक जोडी बूट आणि दोन जोड्या पायमोजे यांसाठी 2023मध्ये 170 रुपये ठरले. 170 रुपयांत बूट-मोजे कुठे मिळतात, हे शोधण्याचं पूर्ण स्वातंत्र्य समितीला आहे! सरकारी रकमा एकदा ठरल्या की हलत नाहीत, हा तर जुनाच अनुभव. मागास आणि दारिद्र्यरेषेखालच्या घरांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींना उपस्थिती भत्ता 1992 साली दिवसाला एक रुपया ठरला. तीस वर्षांनीही तो रुपयाच होता.

शिक्षण हक्क कायद्यानं ही समिती घडवली. तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या स्त्रिया, अध्यक्ष पालकांतला आणि सचिव मुख्याध्यापक. कागदावर याहून लोकशाही रचना सापडणं कठीण. आता तीस पटाची एखादी वस्तीशाळा घ्या. तिला वर्षाचं संयुक्त शाळा अनुदान 10,000 रुपये. त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे. म्हणजे वर्षाला हजार, महिन्याला 83 रुपये. एवढ्यात झाडू, फिनेल आणि हात धुवायचा साबण. उरलेल्या नऊ हजारांत विजेचं बिल, खडू, रजिस्टरं, झेरॉक्स, किरकोळ दुरुस्ती आणि ऑनलाइन माहिती भरण्यासाठी लागणारं इंटरनेट. एकतीस ते शंभर पटाला 25,000 मिळतात; पण पट तीसवरून एकतीस झाला म्हणून विजेचं बिल अडीचपट होत नाही, आणि एक मूल आश्रमशाळेत गेलं म्हणून ते कमीही होत नाही. बरं, ही रक्कमही जूनमध्ये हातात पडेल असं नाही. अनेकदा ती वर्ष सरताना येते, आणि मग एकतीस मार्चच्या आत खर्च दाखवण्यासाठी मुख्याध्यापकांची पळापळ सुरू होते. अशा वेळी ठराव कसला, सह्या घेतल्या जातात.

अंड्याची गोष्ट तर याहून बोलकी आहे. नोव्हेंबर 2023मध्ये पोषण आहारात आठवड्यातून एक अंडं द्यायचं ठरलं. न खाणाऱ्यांना केळं किंवा दुसरं फळ. अंड्यामागे पाच रुपये. जानेवारी 2025मध्ये राज्यानं हा निधी बंद केला आणि अंडं द्यायचंच असेल तर लोकसहभागातून द्या, असं सांगितलं. तीस मुलांना आठवड्याचे 150 रुपये. रक्कम मोठी नाही, पण ती मागायची कुणाकडे? खिचडी रांधणाऱ्या बाईंकडे? त्यांचं मानधन महिन्याला अडीच हजार.

लोकसहभागाची उदाहरणं द्यायची वेळ आली की वक्ते पुणे जिल्ह्यातच शिरतात. शिरूर तालुक्यातली वाबळेवाडी. खेड तालुक्यातलं जालिंदरनगर, जिथल्या जिल्हा परिषद शाळेनं 2025मध्ये जगातील सर्वोत्तम शाळांच्या स्पर्धेत लोकपसंतीचा मान मिळवला. दोन्हीकडच्या शिक्षकांचं आणि गावकऱ्यांचं काम खरोखर मोठं. पण शिरूरला रांजणगाव एमआयडीसी आहे आणि खेडला चाकण, हे कुणी सांगत नाही. कारखान्यांचा सीएसआर निधी आणि नोकरदार पालक ज्या मुलुखात आहेत, तिथला लोकसहभाग एक. बीडच्या तांड्यावर दिवाळी झाली की अर्धे पालक ऊसतोडीला जातात. तिथे समितीच्या बैठकीची गणपूर्ती करायची तरी कुणाच्या जिवावर? धडगाव किंवा एटापल्लीतल्या पाड्यानं वर्गणी काढावी, असं म्हणणाऱ्यानं आधी तिथे जाऊन यावं. मुंबई महापालिका आपल्या शाळांतल्या मुलांना 27 वस्तू मोफत देऊ शकते, कारण तिची स्वतःची तिजोरी आहे. वस्तीशाळेच्या समितीकडे फक्त शिक्का असतो.

कायद्यात मात्र याची वाट दिलेली आहे, आणि तिच्यावरून फारसं कुणी चालत नाही. कलम 22 म्हणतं, समितीनं शाळा विकास आराखडा करावा आणि सरकारनं किंवा स्थानिक प्राधिकरणानं द्यायची अनुदानं त्या आराखड्याच्या आधारे ठरावीत. म्हणजे गरज आधी आणि रक्कम नंतर. आपल्याकडे रक्कम वरून येते आणि आराखडा तिच्या मापाचा बेतला जातो. बऱ्याच ठिकाणी तर मागच्या वर्षीचाच आराखडा तारीख बदलून पुढे सरकतो.

तेव्हा समितीवर असलेल्या पालकांनी पुढच्या बैठकीत दोन गोष्टी मागाव्यात: संयुक्त अनुदानाची कॅशबुक आणि शाळा विकास आराखडा. आराखड्यात बूट, गणवेश, अंडी, विजेचं बिल हे सारं बाजारभावानं लिहावं, ठराव करावा आणि तो गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात द्यावा. पोच घ्यायला विसरू नये.