खोडातली बारीक छिद्रं: किडा कोणता, ते आधी बघूया



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत एक ताई डाळिंबाची वाळकी फांदी घेऊन आल्या. सालीवर टाचणीने टोचल्यासारखी छिद्रं होती. "खोडकिडा आहे. दोनदा औषध मारलं, काही फरक नाही," त्या म्हणाल्या. औषधाचे पैसे गटाच्या कर्जातले होते.

अडचण नावातच आहे. खोड पोखरणाऱ्या सगळ्यांनाच आपण 'खोडकिडा' म्हणतो. पण खुणा वेगळ्या असतात:

• सालीवर विष्ठा आणि भुशाची जाळी: साल खाणारी अळी.
• मोठं छिद्र, जाडसर भुसा: मोठ्या भुंगेऱ्याची अळी.
• टाचणीएवढं छिद्र, पिठासारखा भुसा: खोड भुंगेरा, म्हणजे 'शॉट होल बोरर'.

हा भुंगेरा जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा. धान्यातला सोंडा आणि हा, दोघे एकाच मोठ्या कुळातले. या भुंगेऱ्यांच्या जगात सुमारे ६,००० जाती आहेत. काही सालीखालचा थर खातात. काही मात्र लाकूड खातच नाहीत! मादी स्वतःबरोबर बुरशी आणते, लाकडात बोगदा करून तिथे बुरशीची शेती करते आणि पिल्लं त्या बुरशीवर वाढतात. सगळं आतच चालतं, म्हणून वरून फवारलेलं औषध तिथवर पोचत नाही. काही जातींची बुरशी झाडाच्या पाण्याच्या वाटाही बंद करते.

नाव चुकलं तर तज्ज्ञांचीही फसगत होते. अमेरिकेत कॅलिफोर्नियात २००३ साली असा भुंगेरा सापडला. चहाच्या मळ्यातला म्हणून त्याची नोंद झाली. पुढे डीएनए तपासल्यावर कळलं, दिसायला सारख्या पण मुळात वेगवेगळ्या जाती आहेत आणि त्यांच्या बुरशाही वेगळ्या आहेत.

मग आपण काय करायचं?

१. फांदी चिरून बोगदा आणि किडा बघा.
२. किडा छोट्या बाटलीत आणि फांदीचा तुकडा पिशवीत घालून कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. त्यांनी सांगितल्याशिवाय औषध आणू नका.
३. किडकी फांदी बांधावर टाकू नका, जाळून टाका. नाहीतर भुंगेरे पुन्हा बागेत येतील.
४. पाण्याचा ताण बसलेली किंवा मुळाशी पाणी साचलेली झाडं आधी तपासा. अशक्त झाडाकडे हे भुंगेरे लवकर वळतात.

पुढच्या बैठकीला येताना ज्यांच्या बागेत अशी छिद्रं आहेत त्यांनी एक फांदी पिशवीत बांधून आणा. सगळ्या मिळून बघू, आणि मगच औषधाच्या कर्जाचं ठरवू.

— तुमची क्षेत्र समन्वयक