पावसाळ्यात मन खचते तेव्हा

सभासद बंधू-भगिनींनो,

ऊस विकास विभागाच्या या पानावर आपण दरवेळी बेणे, खते, खोडवा आणि हुमणी यांविषयी वाचता. या वेळी विषय थोडा वेगळा आहे, पण शेतीबाहेरचा नाही. पिकाला खत-पाणी देणारा माणूसच आतून खचला, तर उत्तम बेणे असूनही एकरी उतारा मिळत नाही.

प्रथम माझी एक चूक सांगतो. २०२२ च्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या गटातले एक सभासद, शेतीला एकदम टापटीप. दरवर्षी आडसालीची पहिली नोंद त्यांची. त्या वर्षी जुलै संपला, ऑगस्ट उजाडला, तरी सरी सोडलेली नाही, बेणे उचललेले नाही. दोनदा निरोप धाडला, आले नाहीत. तिसऱ्या वेळी गट ऑफिसात आले, तेव्हा चारचौघांत मी त्यांना म्हणालो, "अण्णा, सगळ्याला औषध हाय, आळसाला न्हाई." ते काही बोलले नाहीत. खाली मान घालून निघून गेले.

आठ दिवसांनी त्यांच्या मंडळी ऑफिसात आल्या. म्हणाल्या, "सायेब, ते आळशी न्हाईत. रातभर टक्क जागं असत्यात. दोन घास जाईनात. कुणाशी बोलंनात. पाऊस लागला की दरसाल थोडं व्हायाचं, पर औंदा लईच झालंय." ते ऐकून मला माझ्या बोलण्याची लाज वाटली. अण्णांच्या परवानगीनेच हे लिहितो आहे, फक्त नाव-गाव देत नाही.

ऋतू आणि मन

उसाला तुरा का येतो, हे आपण जाणता. पावसाळ्याच्या उत्तरार्धात दिवस लहान होत साडेबारा तासांच्या आसपास आला आणि हवामान जुळले, की शेंड्यात तुऱ्याची तयारी सुरू होते. तुरा आपल्याला दिसतो ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पण उसाने दिवस आधीच मोजलेला असतो. एवढे जर गवताच्या जातीच्या पिकाला कळते, तर माणसाच्या शरीराला का कळू नये? आपल्या अंगातही एक घड्याळ आहे. सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की ते लागी लागते. त्यावरच झोप, भूक व उत्साह यांचे वेळापत्रक चालते.

अमेरिकेतील डॉ. नॉर्मन रोझेन्थाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली ऋतूबरोबर येणाऱ्या या उदासीचे रीतसर वर्णन केले. थंड देशांत ती मुख्यतः हिवाळ्यात येते. नॉर्वेतल्या ओस्लो शहरात डिसेंबरात दिवस जेमतेम ६ तासांचा असतो. आपल्याकडे सर्वांत लहान दिवसही सुमारे ११ तासांचा, त्यामुळे तिकडचा हिशेब इकडे जसाच्या तसा लागू होत नाही. पण आपल्याकडे आषाढाची झड आहे. आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, वापसा नसल्याने काम थांबते, माणूस घरात कोंडला जातो.

त्यात पैशाची ओढ नेमकी याच दिवसांत. सोसायटीचे नवे-जुने, मुलांच्या शाळा-कॉलेजची फी, खतांचा खर्च, आणि पुढची तोड अजून लांब. नदीकाठच्या सभासदांना तर २०१९ आणि २०२१ चे महापूर विसरता येत नाहीत. रात्री पत्र्यावर पाऊस वाजू लागला की त्यांच्या छातीत धडधडते. याला भित्रेपणा म्हणू नये. पाण्याखाली उभे पीक कुजताना ज्याने पाहिले, त्यालाच ते कळते.

आपल्या हातातले उपाय

१) सकाळी अर्धा तास तरी बाहेर पडा. आभाळ भरलेले असले, तरी बाहेरचा उजेड घरातल्या दिव्यापेक्षा कितीतरी पट जास्त असतो. डोक्यावर खोळ घ्या, बांधावरून चक्कर मारा, चारी तुंबली आहे का पाहा.

२) उठण्याची वेळ मोडू नका. काम नाही म्हणून दुपारी तीन-चार तास झोपले, की रात्रीची झोप गेलीच म्हणून समजा.

३) रोज एक छोटे काम ठरवून पुरे करा. गोठ्याची डागडुजी, पंपाचे ऑइल, सातबारा व पावत्यांची फाईल. मोठे काम डोंगराएवढे वाटते तेव्हा लहान कामाने मन सावरते.

४) माणसांत बसा. आषाढातली वारी व बेंदूर, श्रावणातले पोथीवाचन आणि भजन या प्रथांनी ऐन झडीच्या दिवसांत माणसांना एकत्र आणले आहे. देवळात जायचे नसेल तर दूध संस्थेच्या कट्ट्यावर जा, पण घरात एकटे बसू नका.

५) दारूने झोप लागल्यासारखे वाटते, पण ती झोप तुटक असते आणि उदासी वाढतच जाते. चार दिवसांची सवय चार वर्षे सुटत नाही.

६) कर्जाचा आकडा घरात लपवू नका. कागदावर मांडा आणि घरच्यांना दाखवा. एकट्याच्या डोक्यातला आकडा रोज वाढतो, कागदावरचा आहे तेवढाच राहतो.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

दोन आठवडे रोजच मन उदास असेल, झोप-भूक बिघडली असेल, कशातच गोडी वाटत नसेल, चिडचिड किंवा रडू येत असेल, तर वाट पाहू नये. रक्त कमी असणे किंवा थायरॉईडचा बिघाड यांमुळेही असाच थकवा येतो, म्हणून तपासणी करून घ्यावी. जिल्हा रुग्णालयात मानसिक आजारांचा विभाग असतो. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या तर त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. युरिया टाकला म्हणून दुसऱ्या दिवशी ऊस हिरवा होत नाही, तसेच हे. बरे वाटले म्हणून गोळ्या मनाने बंदही करू नयेत.

फोनवर बोलायचे असेल तर शासनाची 'टेली-मानस' सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. फोन मोफत आहे, रात्री-अपरात्री केव्हाही लागतो आणि मराठीत बोलता येते.

"जगण्यात राम नाही", "मी नसलो तर बरे" असे कोणी बोलले, तर ते हसण्यावारी नेऊ नका. त्याला सरळ विचारा, ऐकून घ्या, एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या. कीटकनाशके व तणनाशके राहत्या घरात ठेवू नयेत. ती कुलपात ठेवावीत आणि किल्ली दुसऱ्याकडे असावी. ही खबरदारी प्रत्येक घराने घ्यावी.

माता-भगिनींनाही एक सांगणे. आपणही माणूसच आहात. भांगलण, धारा आणि चूल यांत आपली उदासी कुणाच्या ध्यानात येत नाही. आपणच बोलून दाखवा.

अण्णांना आम्ही दोघे-तिघे जिल्ह्याच्या ठिकाणी घेऊन गेलो. उपचार सुरू झाले. चारचौघांत बोललो होतो, म्हणून चारचौघांतच मी त्यांची माफी मागितली. आडसाली लागण हुकली ती हुकलीच. पण दसरा झाल्यावर एके सकाळी ते स्वतः गट ऑफिसात आले आणि म्हणाले, "सायेब, पूर्वहंगामीची नोंद घ्या. दोन एकर."

सभासद बंधूंनो, एक हंगाम चुकला तरी पुढच्या हंगामाची नोंद करता येते. त्यासाठी माणूस मात्र शिल्लक हवा. शेजारच्या बांधावरचा गडी चार दिवस दिसला नाही, तर एवढेच करा. जाऊन हाक मारा.

आपला,
ऊस विकास अधिकारी