आजीच्या कोयत्याचं माप

खंडेनवमीला बीड जिल्ह्यातल्या कित्येक घरांत कोयत्याला हळद-कुंकू वाहतात. दसरा-दिवाळी उरकली की धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातून माणसं मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात नि कर्नाटकात ऊसतोडीला निघतात. मुकादमाकडे नवरा-बायकोची जोडी ‘एक कोयता’ म्हणूनच मोजली जाते. ज्या हत्यारावर घर उभं राहिलं, त्याच्यासारखाच एक कोयता नातवंडांनी घडवून घ्यावा यात नवल नाही. मात्र जुन्यातलं काय घ्यायचं आणि काय सोडायचं, हे आधी कळायला हवं.

जुनं पातं हुबेहूब उतरवू नये. हंगामामागून हंगाम कानस लागून ते अरुंद झालेलं असतं; त्याची नक्कल म्हणजे झिजेची नक्कल. मुठीजवळ, जिथं कानस फारशी पोचत नाही, तिथं मूळ रुंदीचा अंदाज येतो. पाठीचा बाक आणि जाडी मात्र जुन्या पात्यावरूनच घ्यावी.

पोलाद नीट निवडावं. साध्या लोखंडी पट्टीत कार्बन पाव टक्क्याहूनही कमी असतो, त्यामुळे ती कितीही तापवून विझवली तरी कडक होत नाही. गाडीच्या जुन्या कमानपाट्यात तो अर्ध्या टक्क्याच्या पुढे असतो, म्हणून लोहार आणि घिसाडी पाटाच पसंत करतात. घडवलेलं पातं साधारण आठशे ते साडेआठशे अंशांना केशरी-लाल झालं की धारेकडचा भाग विझवून पाणी देतात. नंतर हलकी ऊब देऊन ठिसूळपणा काढतात. पाठ मऊ राहिली तर दणका बसूनही पातं मोडत नाही. पुढे विजेच्या सहाणेवर घासताना धार निळी पडली, तर तेवढ्या जागेचं पाणी उतरलं असं समजावं.

धार ठरते ती फडातल्या कामावरून. उसाच्या बुडख्यात साखर जास्त आणि खोडवाही जमिनीलगतच्या छाटणीनंतरच जोमानं फुटतो, म्हणून ऊस अगदी बुडातून तोडतात. तिथं पातं माती-खड्याला लागतं. वस्तऱ्यासारखी पातळ धार मुडपते आणि फार जाड धार उसावरून उसळते.

उरली मूठ. ती ज्याच्या-त्याच्या हाताचीच हवी. जोडीत बाईही दिवसभर वाकून ऊस तोडते, तरी कोयता घडवताना तिच्या पंजाचं माप क्वचितच घेतात. मूठ जाड झाली की पकड घट्ट ठेवायला मनगटाला जास्त जोर लावावा लागतो. आखूड झाली की कंबर अधिक वाकते. म्हणून आजीचा कोयता लोहाराकडे नेताना, नवा जिच्या हाती जाणार आहे तिलाही सोबत न्यावं. पाठीचा बाक आजीच्या कोयत्याचा घ्यावा आणि मुठीचं माप नवा कोयता वापरणारीच्या पंजाचं. वारसा जपायचा तर पुढचा हात कमी दुखेल असाच जपायला हवा.